सरकारी कंत्राटातून कंपनीला वगळायचे तर: पहिल्या नोंदीपासून शेवटच्या आदेशापर्यंत

एका कंत्राटदाराला वगळायचे की नाही, याच्या सुनावणीत मी खात्याच्या बाजूने बसलो होतो. तीन कामे त्याने अर्धवट टाकली होती, दोन ठिकाणचे काँक्रीटचे ठोकळे तपासणीत नापास झाले होते, आणि हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्या वकिलाने काही न बोलता चार कागद पुढे सरकवले. चारही आमच्याच सहीशिक्क्याचे, काम समाधानकारक झाल्याचे दाखले. एक दिला होता कटकट मिटावी म्हणून, एक अंतिम देयक अडले होते म्हणून, उरलेले दोन कोणी आणि का दिले हे कोणालाच सांगता येईना. सुनावणी पुढे तासभर चालली, पण निकाल त्या चार कागदांवरच लागून गेला होता.

कंपनीला वगळण्याचे काम पहिली चूक दिसते त्याच दिवशी सुरू होते, हे मी तिथे शिकलो. नोटीस, सुनावणी, आदेश हे सगळे त्या दिवशीच्या नोंदीवर उभे राहते. हा लेख खरेदी, बांधकाम किंवा सेवा-कंत्राटे हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहे. लेखापरीक्षकांना, लोकप्रतिनिधींना आणि माहिती मागवून फाईल वाचणाऱ्या नागरिकांनाही तो उपयोगी पडेल. देशोदेशीचे कायदे वेगळे असले तरी कामाची रीत बरीचशी सारखी आहे, म्हणून उदाहरणे निरनिराळ्या व्यवस्थांमधली घेतली आहेत. आपल्याला लागू असलेले नियम मात्र शब्दन्‌शब्द वाचूनच पाऊल टाकावे.

आधी हेतू स्पष्ट करा

अमेरिकेच्या केंद्रीय खरेदी नियमावलीत एक वाक्य आहे, ते प्रत्येक निविदा शाखेत लावून ठेवावे असे मला वाटते. त्याचा आशय असा: वगळणे हे सरकारच्या संरक्षणासाठी आहे, शिक्षा म्हणून ते वापरायचे नाही. वाचायला सोपे वाटते, पण यातून पुढचे सगळे निर्णय ठरतात. शिक्षा द्यायची असेल तर आपण मागे पाहतो: काय केले, किती केले, किती नुकसान झाले. संरक्षण करायचे असेल तर पुढे पाहावे लागते: उद्या याच कंपनीच्या हाती पुढचे काम दिले तर लोकांचा पैसा आणि जीव सुरक्षित राहील का?

झालेल्या नुकसानीसाठी वेगळे मार्ग आहेतच. विलंबाचा दंड, अनामत जप्त करणे, बँक हमी वटवणे, भरपाईचा दावा, लाचखोरी किंवा बनावट कागद असतील तर फौजदारी तक्रार. हे सगळे वगळण्याच्या कारवाईबरोबर चालू शकते. पण अनामत जप्त झाली म्हणून वगळण्याची गरज संपत नाही आणि वगळले म्हणून वसुली होत नाही. एकाचा राग दुसऱ्या कागदावर निघाला की दोन्ही कागद कच्चे राहतात.

चार वेगळे निर्णय, चार वेगळे कागद

फाईलवर मला सर्वाधिक गोंधळ दिसतो तो इथे. एखाद्या निविदेत अट पूर्ण झाली नाही म्हणून ती निविदा अपात्र ठरवणे हा एक निर्णय, आणि तो त्या निविदेपुरताच असतो. चालू कंत्राट रद्द करणे हा दुसरा, तो करारातल्या कलमाखाली होतो. चौकशी संपेपर्यंत नवे व्यवहार थांबवणे म्हणजे तात्पुरते निलंबन, हा तिसरा. ठरावीक मुदतीसाठी सगळ्या निविदांतून बाहेर ठेवणे हा चौथा, ज्याला आपण सवयीने काळी यादी म्हणतो. प्रत्येकाचा अधिकार वेगळ्या कलमातून येतो, कधीकधी सक्षम अधिकारीही वेगळा असतो. कंत्राट रद्द करण्याच्या पत्रात शेवटी ‘तसेच आपणांस काळ्या यादीत टाकण्यात येत आहे’ अशी ओळ जोडली, तर ती ओळ जवळजवळ नक्कीच टिकत नाही.

पाचवा प्रकार कुठल्याच नियमात नसतो, पण कार्यालयात चालतो. वरून तोंडी सांगितले जाते, ‘त्याला काम देऊ नका.’ मग कधी एखादी किरकोळ त्रुटी शोधायची, कधी निविदाच रद्द करायची. कंपनीला नोटीस नाही, बाजू मांडायची संधी नाही, आदेश नाही. अशी छुपी बंदी न्यायालयांनी बेकायदा ठरवली आहे. अमेरिकेत १९६४ साली ‘गोंझालेझ विरुद्ध फ्रीमन’ खटल्यात अपील न्यायालयाने, ठरलेली कार्यपद्धती आणि नोटीस यांशिवाय सरकारला कोणाला असे बाहेर ठेवता येत नाही, असे सांगितले. कायद्यापलीकडेही तिचा एक तोटा आहे. तोंडी बंदी दुसऱ्या खात्याला कळत नाही, त्यामुळे तीच कंपनी शेजारच्या खात्यात सन्मानाने काम घेते.

लबाडी वेगळी, नालायकी वेगळी

दोन्हींचा शेवट एकाच यादीत होत असला तरी पुरावा जमवण्याची वाट वेगळी आहे.

लबाडीत जागतिक बँकेने केलेली विभागणी मला कामाची वाटते. बँक पाच प्रकार मानते: भ्रष्टाचार, फसवणूक, संगनमत, धाकदपटशा, आणि चौकशीत अडथळा आणणे. शेवटचा प्रकार बरेचजण विसरतात. कागदपत्रे नष्ट करणे किंवा लेखापरीक्षकाला दप्तर न दाखवणे हे स्वतंत्र कारण ठरू शकते, मूळ आरोप सिद्ध होवो वा न होवो. अट एवढीच की निविदा-कागदपत्रांत आणि करारात दप्तर तपासण्याचा हक्क आधी लिहिलेला हवा.

नालायकीचे मोजमाप अवघड. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशात कलम ५७ मध्ये यासाठी नेमकी भाषा आहे: आधीच्या सरकारी कंत्राटातल्या महत्त्वाच्या अटीच्या पूर्ततेत मोठी किंवा वारंवार उणीव, आणि तिच्यामुळे ते कंत्राट मुदतीआधी संपवावे लागले, भरपाई घ्यावी लागली किंवा तशीच दुसरी कारवाई झाली. म्हणजे नुसती नाराजी पुरत नाही. उणीव मोठी हवी किंवा पुन्हापुन्हा झालेली हवी, आणि त्या वेळी आपण त्यावर काहीतरी केलेले हवे. तक्रार मनात ठेवून पूर्ण देयक चुकते केले असेल, तर नंतर ‘काम वाईट होते’ म्हणायला तोंड राहत नाही.

इथे स्वतःला एक अवघड प्रश्न विचारलाच पाहिजे: उशीर कोणामुळे झाला? जागा ताब्यात उशिरा दिली, नकाशे तीनदा बदलले, देयके महिनोन्‌महिने थकवली, आणि मग कंत्राटदार रखडला म्हणून नोटीस काढली, असे प्रकार मी पाहिले आहेत. नोटीस काढण्याआधी दोन रकान्यांचा एक साधा कालक्रम बनवा. डावीकडे आपण काय केव्हा द्यायचे होते आणि दिले, उजवीकडे कंपनीने काय केव्हा करायचे होते आणि केले. डावा रकाना लंगडा असेल तर तिथेच थांबा.

नोंद: हे नसेल तर बाकी व्यर्थ

आता त्या चार दाखल्यांकडे परत येऊ. अधिकारी वाईट नोंद का करत नाहीत? कारण नोंद केली की पत्रव्यवहार वाढतो, कंत्राटदार वर तक्रार करतो, काम अजून रखडते आणि बदली तर दोन वर्षांत होणारच असते. प्रत्येकाला वाटते, हे काम कसेबसे संपू दे. असे सहा जणांनी म्हटले की सातव्याच्या हाती एक कोरी फाईल आणि एक धोकादायक कंपनी येते. यात मला कोणा एका अधिकाऱ्याचा दोष वाटत नाही. नोंद करण्याची सक्ती आणि सोय दोन्ही नसणे, हे खरे कारण आहे.

अमेरिकेत यासाठी केंद्रीय पातळीवर मूल्यमापनाची एक प्रणाली आहे. ठरावीक रकमेवरच्या कंत्राटांत अधिकाऱ्याला दर्जा, वेळ, खर्चावरील नियंत्रण, व्यवस्थापन अशा निकषांवर ‘असाधारण’ ते ‘असमाधानकारक’ अशा पाच श्रेण्यांत शेरा द्यावा लागतो, आणि शेऱ्याला कारणे जोडावी लागतात. तो शेरा कंपनीला दाखवला जातो आणि तिला १४ दिवसांत म्हणणे मांडता येते. तिचे म्हणणेही नोंदीतच राहते. अशा नोंदी तीन वर्षांपर्यंत, बांधकाम आणि वास्तुरचना-अभियांत्रिकीच्या कंत्राटांत सहा वर्षांपर्यंत, पुढच्या निवडीत विचारात घेता येतात. तुमच्याकडे अशी यंत्रणा नसली तरी तिचा गाभा एका साध्या नोंदवहीत आणता येतो.

नोंद कशी असावी? ‘कंत्राटदाराचे काम निकृष्ट आहे’ हे मत झाले. नोंद अशी असते: अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता पाहणी केली, करारातील अमुक कलमानुसार आठ कुशल कामगार हवे होते, तीन हजर होते, कंपनीच्या पर्यवेक्षकाला दाखवले, त्याची सही घेतली, त्याने नकार दिला असल्यास तसा शेरा लिहिला. छायाचित्र असेल तर त्यात तारीख आणि ठिकाण ओळखता येईल असे काहीतरी असू द्या. नमुना घेतला असेल तर तो कोणासमोर घेतला, कसा मोहोरबंद केला, प्रयोगशाळेत कोणी पोचवला, ही साखळी तुटू देऊ नका. प्रयोगशाळेचा अहवाल उत्तम असूनही नमुना कुठला हेच सिद्ध झाले नाही, म्हणून प्रकरणे पडतात.

मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कंपनीला पत्र. पत्रात उणीव, कलम, सुधारणेची मुदत. मुदत संपली की पुन्हा पाहणी आणि पुन्हा नोंद, सुधारणा झाली असेल तर तीही लिहायची. सुधारणा झाल्याच्या नोंदी फाईलवर असल्या की सुधारणा न झाल्याच्या नोंदींवर विश्वास बसतो. पत्र पोचल्याचा पुरावा जपा. मोजमाप पुस्तकात नाकारलेले काम नाकारलेले म्हणूनच लिहा, ‘तात्पुरते’ धरू नका.

आणि दाखला. काम पूर्णत्वाच्या दाखल्यात ‘समाधानकारक’ हा तयार छापील शब्द खोडून टाका. त्याऐवजी ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख, आकारलेला दंड, दुरुस्त करून घेतलेल्या बाबी, एवढे तथ्य लिहा. हा दाखला घेऊन कंपनी दुसऱ्या दारात जाणार असते, आणि तिथला अधिकारी तुमच्या सहीवर भरवसा ठेवणार असतो.

संशय आला तर पडताळणी कशी करावी

बनावट अनुभव-दाखला हा सगळ्यांत सामान्य प्रकार. पडताळणीचे पत्र दाखल्यावरच छापलेल्या पत्त्यावर किंवा दूरध्वनीवर पाठवू नका; बनवणाऱ्याने तोही बनवलेला असतो. ज्या संस्थेने दाखला दिल्याचे म्हटले आहे तिचा पत्ता स्वतंत्रपणे शोधा, तिच्या अधिकृत ईमेलवर दाखल्याची प्रत पाठवा आणि नेमके विचारा: हा तुमच्याकडून दिला गेला का, रक्कम आणि कालावधी बरोबर आहे का, सही करणारे त्या दिवशी त्या पदावर होते का. बँक हमीची खातरजमाही तसेच, कंपनीमार्फत न आणता थेट बँकेकडून, शक्य तर हमी देणाऱ्या शाखेच्या वरच्या कार्यालयाकडून करून घ्या.

संगनमत ओळखणे अधिक चिकाटीचे काम आहे. वेगवेगळ्या निविदांत शुद्धलेखनाच्या त्याच चुका, बेरजेतली तीच चूक, बयाणा रकमेचे लागोपाठच्या क्रमांकांचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट), एकाच संगणकावर बनलेल्या फायली, दरवेळी पाळीपाळीने जिंकणारे तेच तिघे, हरलेल्यालाच पोटकंत्राट. यातली एकेक खूण पुरावा नव्हे, पण चारपाच जुळल्या की दुर्लक्ष करू नये. अशा वेळी पहिली इच्छा होते ती कंपन्यांना बोलावून जाब विचारण्याची. ती आवरा. जाब विचारला की कागद गायब होतात. मूळ निविदा, पाकिटे, संगणकीय नोंदी सुरक्षित करा आणि स्पर्धा-नियामक व दक्षता यंत्रणेला आधी कळवा.

अजून एक, बोलायला अप्रिय पण आवश्यक. कंपनीच्या लबाडीत आपल्याच घरातला हात आहे का, हे त्याच फाईलमध्ये तपासा. दुबार देयक निघाले असेल तर ते आपल्या कोणाच्या तरी सहीनेच निघालेले असते.

तातडी असेल तर निलंबन

चौकशीला वर्ष लागणार आणि दरम्यान कंपनी दहा नव्या निविदा भरणार, अशी स्थिती असेल तर तात्पुरते निलंबन वापरतात. त्याला पुरावा कमी लागतो, पण कारण तातडीचेच हवे. अमेरिकेच्या नियमांत निलंबनाला ‘पुरेसा पुरावा’ चालतो, मात्र १२ महिन्यांत कायदेशीर कारवाई सुरू झाली नाही तर निलंबन संपते. न्याय विभागाने विनंती केल्यास आणखी सहा महिने मिळतात, त्यापुढे काही झाले तरी नाही. मार्च २००२ मध्ये एन्‍रॉन आणि तिचे लेखापरीक्षक आर्थर अँडरसन यांना तिथल्या सरकारने असेच निलंबित केले. तुमच्या नियमात कमाल मुदत नसेल तर आदेशातच घाला. मुदत नसलेले निलंबन म्हणजे आदेशाविना वगळणे.

नोटीस: एका ओळीवर प्रकरण जाते

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली ‘इरुशियन इक्विपमेंट’ खटल्यात, काळ्या यादीत टाकण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागेल, असे ठरवले. पुढे २०१४ च्या ‘गोरखा सिक्युरिटी’ निकालात एक पाऊल पुढे गेले: नोटिशीत अटीभंगाचे आरोप होते, उत्तरही मागवले होते, पण काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे असे लिहिले नव्हते. तेवढ्यावर वगळण्याचा आदेश रद्द झाला. अशा आदेशाचे वर्णन ‘नागरी मृत्यू’ असे केले जाते, याची आठवण न्यायालयाने त्या निकालात दिली. २०२० मध्ये ‘यूएमसी टेक्नॉलॉजीज’ प्रकरणात भरती परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटल्याचा गंभीर आरोप होता. तिथेही प्रस्तावित कारवाई नोटिशीतून स्पष्ट होत नव्हती, म्हणून आदेश टिकला नाही. आरोप कितीही गंभीर असो, नोटीस अर्धवट असेल तर गंभीर आरोपाची कंपनी मोकळी सुटते. मला याचे फार वाईट वाटते, कारण ही चूक टाळायला दोन ओळी पुरतात.

त्या ओळी साधारण अशा लिहाव्यात:

‘निविदा क्रमांक अमुकसोबत आपण सादर केलेला अमुक तारखेचा अनुभव-दाखला दिलेलाच नसल्याचे संबंधित संस्थेने अमुक तारखेच्या पत्राने कळवले आहे (प्रत सोबत). ही कृती निविदा-अटींतील कलम अमुक आणि नियम अमुक यांचा भंग आहे. त्यामुळे आपल्या कंपनीस या खात्याच्या सर्व निविदांतून जास्तीत जास्त अमुक कालावधीसाठी वगळण्याची कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत करावा. प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्यास तसे नमूद करावे.’

यात आरोपाची तथ्ये, भंग झालेले कलम, पुराव्याची प्रत, प्रस्तावित कारवाई आणि तिचा कमाल काळ, खुलाशाची मुदत, सुनावणीचा हक्क हे सगळे आले. ‘योग्य ती कारवाई करण्यात येईल’ या शब्दांवर विसंबू नका. नोटिशीत नसलेले कारण पुढे आदेशातही घालता येत नाही, म्हणून पाठवण्यापूर्वी सगळी कारणे मोजून पाहा. संचालक, भागीदार किंवा संलग्न कंपन्यांनाही वगळायचे असेल तर प्रत्येकाला वेगळी नोटीस.

सुनावणी कोणी घ्यावी

ज्याने चौकशी केली त्यानेच निकाल देऊ नये. जागतिक बँकेत आरोप तपासणारा विभाग वेगळा, पहिला निर्णय देणारा अधिकारी वेगळा, आणि कंपनीने आव्हान दिले तर बाहेरच्या सदस्यांचे मंडळ वेगळे. लहान कार्यालयात इतके शक्य नसते, पण निदान त्या कामाशी संबंध नसलेला वरिष्ठ अधिकारी तरी नेमता येतो.

कंपनीने मागितलेले कागद द्या. गोपनीय असेल तर आशय द्या. सुनावणीचा इतिवृत्तान्त त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. पुराव्याची पातळी बहुतेक व्यवस्थांत दिवाणी असते: घडले असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे का. फौजदारी खटल्यासारखे ‘निःसंशय’ सिद्ध करावे लागत नाही, त्यामुळे फौजदारी निकालाची वर्षानुवर्षे वाट पाहत बसणे दरवेळी गरजेचे नसते. पण संशय आणि शक्यता यांत अंतर आहे, ते कागदाने भरून काढावे लागते.

किती काळ

कायमची बंदी जवळजवळ कुठेच टिकत नाही. ‘कुलजा इंडस्ट्रीज’ प्रकरणात कंपनीला जादा देयके मिळाली होती, त्यात खात्यातल्या कर्मचाऱ्यांचा हातही होता. तरीही २०१३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कायमस्वरूपी बंदी बाजूला ठेवली आणि कालावधी गुन्ह्याच्या प्रमाणात हवा, असे सांगितले. त्या निकालात अमेरिकी निकषांचाही आधार घेतलेला आहे. भारताच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, नियम १५१ खाली, ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यास तीन वर्षांपर्यंत आणि सचोटी-संहितेच्या भंगाबद्दल खरेदीदार संस्थेस दोन वर्षांपर्यंत वगळता येते. युरोपीय निर्देशात गंभीर गुन्ह्याच्या निकालानंतर कमाल पाच वर्षे आणि इतर कारणांसाठी घटनेपासून कमाल तीन वर्षे. अमेरिकेत साधारण तीन वर्षांच्या वर जाऊ नये असे आहे. जागतिक बँकेचा पायाभूत मापदंडही तीन वर्षांचा, पण अटींसह: अटी पूर्ण केल्या तरच सुटका.

कमी-जास्त करताना काय पाहायचे? प्रकार एकदाच घडला की वारंवार, वरिष्ठांना माहीत होते की खालच्या एकाने केले, पकडल्यावर कंपनीने लपवले की स्वतःहून सांगितले, नुकसान भरून दिले का, लोकांच्या जिवाला धोका झाला का. यातले प्रत्येक उत्तर आदेशात लिहा. आणि मोजपट्टी सगळ्यांना एकच ठेवा. लहान कंत्राटदार एका चुकीत बाहेर जातो आणि मोठी कंपनी ‘तिच्याशिवाय चालणार कसे’ म्हणून वाचते, हा अन्याय मला सगळ्यांत जास्त टोचतो. मोठ्यांनाही थांबवता येते. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीनंतर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोव्हेंबर २०१२ मध्ये बीपी या तेलकंपनीला नव्या सरकारी कंत्राटांतून निलंबित केले आणि मार्च २०१४ मध्ये, सुधारणेच्या करारानंतरच, ते उठवले. २००३ साली प्रतिस्पर्ध्याची कागदपत्रे बाळगल्याबद्दल अमेरिकी हवाई दलाने बोइंगच्या तीन विभागांना निलंबित केले, संपूर्ण कंपनीला नाही. दोष जिथे आहे तिथपर्यंतच कात्री चालवता येते, हेही त्यातून दिसते.

आदेश

आदेश सकारण हवा. आरोप, कंपनीचा खुलासा मुद्देसूद, प्रत्येक मुद्द्यावर आपला निष्कर्ष आणि त्याचा आधार, कलम, कालावधी आणि तोच कालावधी का, सुरुवात व शेवटची तारीख, कोणत्या खात्यांना लागू, अपील कुठे आणि किती दिवसांत. ‘खुलासा समाधानकारक नाही’ या एका वाक्यावर आदेश संपवू नका. का समाधानकारक नाही, हाच आदेश असतो. चालू कंत्राटांचे काय, तेही लिहा. वगळल्याने चालू काम आपोआप रद्द होत नाही, आणि अर्धे बांधलेले रुग्णालय दुसऱ्याकडे देणे कधीकधी अधिक महाग पडते. ते चालू ठेवायचे तर देखरेख वाढवून, आणि मुदतवाढ किंवा जादा काम न देता.

यादी आणि मागच्या दाराने येणारे

आदेश फाईलमध्ये राहिला तर त्याचा उपयोग त्या कार्यालयापुरताच. अमेरिकेत वगळलेल्यांची नावे एकाच केंद्रीय संकेतस्थळावर असतात आणि निविदा उघडल्यावर एकदा व काम देण्याच्या अगदी आधी पुन्हा एकदा ती तपासावी लागतात. दुसरी तपासणी महत्त्वाची, कारण मधल्या काळात आदेश निघालेला असू शकतो. ब्रिटनमध्ये २०२३ च्या खरेदी कायद्याने मध्यवर्ती वगळणूक-यादीची तरतूद केली. तो कायदा फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाला. एप्रिल २०१० मध्ये जागतिक बँकेसह पाच बहुपक्षीय (अनेक देशांनी मिळून चालवलेल्या) विकास बँकांनी, एकीने एक वर्षाहून अधिक काळ वगळलेल्याला इतरांनीही वगळायचे, असा करार केला. २०१३ मध्ये बांगलादेशातल्या पद्मा पूल प्रकरणात जागतिक बँकेने कॅनडाच्या एसएनसी-लॅव्हलिन इन्कॉर्पोरेटेडला दहा वर्षांसाठी वगळले तेव्हा शंभराहून अधिक संलग्न कंपन्या त्या आदेशाखाली आल्या.

संलग्न कंपन्यांचा मुद्दा विसरू नका, कारण परतण्याचा नेहमीचा रस्ता तोच. नवे नाव, पत्नीच्या किंवा भावाच्या नावे भागीदारी, जुनाच पत्ता, तीच यंत्रसामग्री, तोच सही करणारा. म्हणून यादीत नुसते नाव पुरत नाही. नोंदणी क्रमांक, कर क्रमांक, संचालक, पत्ता हवा. निविदेत प्रत्येकाकडून प्रतिज्ञापत्र घ्या की तो, त्याचे संचालक, खरे मालक आणि नियंत्रणाखालील कंपन्या कुठेही वगळलेल्या नाहीत. ते खोटे निघाले तर तेच नवे कारण होते. मात्र आडनाव सारखे आहे, किंवा प्रकार घडण्याच्या आधीच कोणी कंपनी सोडली होती, अशांना ओढू नका. निकष नियंत्रणाचा आहे, नात्याचा नाही.

आणीबाणीत किंवा एकमेव पुरवठादार असताना वगळलेल्याकडूनच घ्यावे लागले, तर सर्वोच्च पातळीवरची लेखी परवानगी, कारण आणि कमीत कमी प्रमाण. औषधाचा पुरवठा थांबवून कोणाचे संरक्षण होत नाही.

सुधारलेल्याला दार

युरोपीय निर्देशात ‘आत्मशुद्धी’ची तरतूद आहे: कंपनीने नुकसान भरून दिले, तपासात मनापासून सहकार्य केले, आणि माणसे, रचना व कार्यपद्धती यांत ठोस बदल केले, तर तिला वगळले जाऊ नये. यात आश्वासनावर थांबू नका. जबाबदार अधिकारी खरोखर गेला का, तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण आहे का, दलालांना दिल्या जाणाऱ्या कमिशनवर कोण सही करते, बाहेरच्या तपासनीसाचा अहवाल काय सांगतो, हे मागा. २००९ मध्ये सीमेन्स या जर्मन कंपनीने जागतिक बँकेशी केलेल्या समझोत्यात दोन वर्षे बँकेच्या कामांपासून दूर राहणे आणि भ्रष्टाचारविरोधी कामासाठी १५ वर्षांत १० कोटी डॉलर देणे मान्य केले होते. लहान कंपनीकडून इतके अपेक्षित नाही. तिथे एक प्रशिक्षित दर्जा-नियंत्रक नेमणे आणि सहा महिने स्वतंत्र तपासणी सोसणे, एवढेही पुष्कळ सांगून जाते.

आणि मुदत संपते त्या दिवसाची नोंद आजच दिनदर्शिकेत करा. त्या दिवशी नाव यादीतून काढायचे, काढल्याचे पत्र कंपनीला आणि ज्या ज्या खात्यांना मूळ आदेश गेला होता त्या सर्वांना पाठवायचे. जुनी नोंद मात्र फाईलमध्ये तारखेसह तशीच ठेवायची, पुढच्या निविदेत अनुभव तपासणाऱ्या अधिकाऱ्यासाठी.